चुंबक लावायचा राहिला

सोमवार, २ डिसेंबर २०२४

डॉक्टरीणबाई वयाने लहान, परंतु बोलणे स्पष्ट. माझे हृदय मधूनच ठोका चुकविते. भोवळ त्यामुळेच येते. गळ्याच्या हाडाखाली एक लहान यंत्र, पेसमेकर, बसवावे लागेल. मी होकार देणार, इतक्यात त्यांनी माझे काम विचारले. वायरकट म्हणजे काय, ते मी समजावून सांगितले — केसासारखी पितळी तार, पाण्यात तिच्या ठिणग्या, आणि त्या ठिणग्यांनी कापले जाणारे पोलाद. त्यांनी लिहिणे थांबविले.

"मग ते काम सोडावं लागेल, आजोबा. यंत्र बसवल्यावर त्या मशीनजवळ उभं राहायचं नाही, तिच्या विजेनं ते बिघडतं."

आजोबा!

विचार करून कळवितो, असे सांगून उठलो.  सामरवरणीला घराशी रिक्षातून उतरताना पत्नी कमळाबाई म्हणाली, "बायकोपेक्षा ते मशीन जवळचं." मी रिक्षाचे पैसे दिले.

मंगळवार, ३ डिसेंबर

भोवळ नाही. कारखान्यात कोणास काही बोललो नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

अनर्थ झाला.

पत्र्यास भोके पाडणाऱ्या साच्याचा — डायचा — पोलादी ठोसा, म्हणजे पंच, कापावयाचा होता. पंच ठोकळ्यातून पूर्ण सुटण्यापूर्वी यंत्र थांबवितात, चुंबक लावून त्यास धरून ठेवितात, मगच शेवटचा काप. न धरल्यास तो कलतो आणि तारेवर पडतो. रांधा गावची दुर्गा हे काम माझ्या हाताखाली शिकते; आम्हा दोघांखेरीज ते कोणास येत नाही. तथापि हा शेवटचा काप मी कोणासही करू देत नाही. तिला टाकीच्या पाण्याचा फिल्टर आणण्यास पाठविले. चुंबक हातात घेतला — आणि समोर काळोख. भानावर आलो तेव्हा टेबलाची कड घट्ट धरलेली होती. चुंबक लावला आहे अशा समजुतीने बटण दाबले. तो डाव्या मुठीतच होता!

पंच कलला. तार तुटली. पंचाच्या अंगावर खोल चर. भंगार.

मालक भावेशशेठ धावत आले. नवी माणसे चुंबक विसरतात, म्हणून दुर्गावर ओरडले. ती फिल्टर घेऊन दारातच उभी. मी चुंबक खिशात घातला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

दुर्गाला कामावरून काढले. फाटकाशी माझी वाट पाहत थांबली होती. नवरा खानवेलला मिळेल तेव्हा मजुरी करतो; घर तिच्यावर.

"काका, मी तं तिथं नव्हतीच. तुमाला म्हाईत हाय ना?"

"पाहतो," म्हणालो. असला भेकड शब्द माझ्या तोंडून निघाला.

शनिवार, ७ डिसेंबर

शेठकडे गेलो. उभ्यानेच सांगितले — चूक माझी आहे, दुर्गा खोलीत नव्हती.

ते हसले. "काका, तुमच्या हाताने पीस बिगडला? कोण मानेल? पोरीची दया आली, बराबर ना?"

मला खुर्ची दिली. चहा मागविला. वर, असा माणूस मिळत नाही, असे हिशेबनीस योगेशला ऐकविले. आजवर एकही नग बिघडविला नाही, हा माझा अभिमान. त्याखाली ती बाई चिरडली जात आहे, हे दिसत होते. भोवळीचा शब्द काढला असता तर शेठनी तेथेच मानले असते. काढला नाही. चहा प्यालो.

रविवार, ८ डिसेंबर

कमळाबाईस सर्व सांगितले. तिचे भाकरी थापणे थांबले नाही.

"शेठले कारण सांगितलं का?"

"नाही."

"मग काय सांगितलं? निम्मं! निम्मं सांगून मोठेपणा घेऊन आले."



सोमवार, ९ डिसेंबर

दुर्गाच्या जागी कोणास घ्यावे, असे शेठ मलाच विचारतात. कोणास नाही, म्हणालो. दुपारी यंत्राची टाकी धुतली, टेबल कोरडे केले, तारेचे नवे रीळ चढविले. मग बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

गुरुवार, १२ डिसेंबर

डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसविला. शेठना रुग्णालयात येण्याचा निरोप धाडला आहे. आले की सदरा उघडून पट्टी दाखवीन, त्या दिवशीच्या भोवळीचेही सांगेन. आता मानावेच लागेल — मला त्या खोलीत घेता येणार नाही, दुर्गालाच घ्यावे लागेल.