हिच्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज

३ मार्च, सकाळी ७
हिला जाऊन चार महिने झाले. आज हिचा कॉम्प्युटर पुसून चालू केला, तर आतून टकटक आवाज. हार्ड डिस्क जायच्या मार्गावर आहे, हे लगेच ओळखलं. बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त केलेत. पंप काय, डिस्क काय, आत फिरणारंच. रविवारपर्यंत काम फत्ते.

दुपारी
मुलीला फोन केला. ती म्हणाली, फोटो आणि आईच्या फाइली केव्हाच कॉपी करून घेतल्यात, आता टाकून द्या तो. म्हटलं, फोटो नकोत, सेटिंग्ज हवीत. अक्षरांचा आकार, शॉर्टकट, हिने त्याच्या शब्दकोशात भरलेले शब्द. अकरा वर्षं हिने घरबसल्या त्यावर प्रुफं तपासली, सगळं हिच्या हाताला बसलेलं. यात भावनेचा काही प्रश्न नाही. आयती सोय आहे, वाया का घालवा?

५ मार्च
दुरुस्तीवाल्याला विचारून आलो. त्याने बजावलं, आता चालू करू नका, दरवेळी डिस्क आणखी बिघडेल, आहे तशी घेऊन या. माणूस बरा, पण धंदेवाईक. आधी मी स्वतः बघणार.

६ मार्च
चालू केला. फक्त तपासायला. चाळीस मिनिटांनी हिचं नाव आलं, खाली ‘स्वागत आहे’. लगेच बंद केला. उद्यापासून हात लावायचा नाही.

७ मार्च
एकदाच.

८ मार्च
दोनदा. दुसरी खेप धरायची नाही, नाव यायच्या आतच अडकला.

१० मार्च
इंटरनेटवर वाचलं, डिस्क गार केली की चालते. पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली. संध्याकाळी मुलगी न सांगता आली, बर्फ घ्यायला गेली आणि तिला ती सापडली. ओरडली नाही. डिस्क पुसली, रुमालात गुंडाळली, म्हणाली, बाबा, चला. गेलो. तिच्या समाधानासाठी.

१७ मार्च
दुरुस्तीवाल्याचा फोन. बाकी बरंच निघालं, पण हिच्या सेटिंग्जचा भाग वाचताच येत नाही म्हणे. किती वेळा चालू केला होता, असं विचारलं. म्हटलं, एक-दोनदा.
हरकत नाही. मी आठवून सगळं तसंच बसवेन. अकरा वर्षं हिच्या मागेच खुर्ची टाकून बसायचो. माझ्याइतकं कुणाला माहीत?

१९ मार्च, सकाळी
नवी डिस्क बसली. यादी करायला घेतली.
१. अक्षरं मोठी. किती, ते नंतर.
२. पडद्याचा रंग फिका हिरवा.
३.

दुपारी
मुलीला फोन. ती म्हणाली, हिरवा कुठला, काळा. काळ्यावर पिवळी अक्षरं. शेवटची तीन वर्षं आईला उजेड सोसत नव्हता, डोळ्यांतून पाणी यायचं. तुम्हाला माहीत नव्हतं का?
म्हटलं, माहीत होतं, तुला आठवतंय का ते बघत होतो.

२० मार्च
काळ्यावर पिवळं करून बघितलं. डोळ्यांना खरंच बरं वाटतं.
पेपर वाचायला मी हिच्या डोक्यावरची ट्यूब लावून ठेवायचो. एकदोनदा ही मागे वळून काहीतरी म्हणाली होती. काय, ते आठवत नाही.