पाणी कोण वापरतंय

३ नोव्हेंबर
एकदाचं आई आणि मी नव्या घरात आलो. खोक्यांचा डोंगर पडलाय, पण मन हलकं आहे. घर विकणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी मागच्या काचेच्या खोलीत गरम पाण्याचा टब तसाच ठेवलाय, चौघं ऐसपैस बसतील एवढा. आईच्या गुडघ्यांना देवच पावला. मनसोक्त डुंबून बाहेर आली आणि म्हणाली, तुझ्या वडिलांनी उभ्या जन्मात दिलं नाही एवढं सुख या हौदानं दिलं.

५ नोव्हेंबर
टबाचं सामान विकणाऱ्या काकांकडून शिकवणी घेतली. कागदी पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. आधी पीएच जागेवर आणायचा, मग क्लोरीन. फिल्टर नळाखाली धुवायचा. अंगाला तेल लावून उतरायचं नाही. काकांच्या मते पाणी लहान मुलासारखं असतं, रोज विचारपूस केली की आजारी पडत नाही. साधा चहा करपवणारी मी, पण आज पट्टी अगदी हवी तशी आली. तळ लख्ख दिसत होता.

९ नोव्हेंबर
आईला सर्दी झाली, म्हणून टब वापरलाच नाही. झाकणाचे पट्टेही अडकवलेले. तरी आज क्लोरीन शून्य. पाणी गढूळ, वर फेस. पुन्हा घातलं, दुपारपर्यंत तेही संपलं. काकांना फोन केला. क्लोरीन झाकणाखाली असं भराभर संपत नाही, म्हणाले, माणसाच्या अंगाचा घाम आणि तेल ते खातं.
“कोणीतरी बसतंय हो त्यात,” असं म्हणून हसले. मीही हसले.

१२ नोव्हेंबर
फिल्टरच्या घड्यांत लांब, तांबूस केस. आईचे केस पांढरे आणि आखूड, माझे काळे. जुने असतील म्हणून टब रिकामा केला, घासला, नवं पाणी भरलं, नवा फिल्टर बसवला.

१३ नोव्हेंबर
नव्या फिल्टरमध्येही केस.

१५ नोव्हेंबर
आईची सर्दी गेली, परवापासून ती पुन्हा टबात बसते. आज भाजी निवडताना सहज म्हणाली, ती बाई फार गुणाची आहे. कोण बाई, विचारलं. तर म्हणे, पाण्यात समोर बसून पाय चेपते ती. मला थट्टा वाटली. मग तिच्या पोटऱ्या पाहिल्या. बाकी कातडी कोरडी, नीट. फक्त बोटांएवढ्या जागा भिजून सुरकुतलेल्या. दोन्ही पायांवर. दहा बोटं.

१६ नोव्हेंबर
शेजारच्या शिक्षिकाबाईंना गाठलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलल्या. डॉक्टरांची थोरली बहीण आजारी होती. दिवसभर पाण्यातच बसायची, बाहेर निघायला दुसऱ्याचा हात लागायचा. एकदा भाऊ तिला तशीच सोडून गावाला गेला. परतला तेव्हा... पुढे बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, मला एकटीला ठेवू नका, हा तिचा धोसरा असायचा.
घरी येऊन आईला सांगितलं, टब आजपासून बंद. चिडेल वाटलं होतं.
“बरं. तिला तसं सांगते,” एवढंच म्हणाली.
मी भरपूर क्लोरीन ओतलं. झाकण लावलं. बटण बंद केलं.

१७ नोव्हेंबर
झाकणाला आतून कोणीतरी हात लावतंय. ठोकत नाही. चाचपतंय, कड शोधल्यासारखं —
वीज बंद आहे, पाणी गरमच.

१८ नोव्हेंबर
सकाळी झाकण बाजूला पडलेलं. पण पाणी स्वच्छ. फेस नाही. क्लोरीन जसंच्या तसं. सुटले. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, छान, म्हणजे आता त्यात कोणी बसत नाही.
फोन ठेवला आणि मग —
फरशीवर ओली पावलं. टबाकडून आत येणारी. परत जाणारी नाहीत.

नंतर
आई पलंगावर. डोळे मिटून हसतेय. पोटरीची कातडी दबते, सुटते, दबते. समोर कोणी नाही. उचलायला गेले, हलत नाही. म्हणते, हिचे हात किती ऊबदार —
काकांना पुन्हा फोन केला. निघालेत. तोवर लिहीत राहते, नाहीतर ओरडेन.
दार लागलं. मी लावलं नाही.
गादी माझ्याजवळ भिजतेय. आईनं डोळे उघडले. माझ्या मागे बघतेय. सरकून जागा करतेय — एकीला पुरेल त्याहून जास्त — म्हणते, दोघी बसा, आता कुणीच एकटं