ऑर्लेमचे ट्यूलिप

७ जानेवारी
नाताळचा क्रिब आज मोडला. त्यातली माती वाया कशाला घालवायची? तीच कुंडीत भरून ट्यूलिपचे कंद लावले. पाकिटावर लिहिलंय, रेताड माती, थंड हवा, पाणी बेताचं. असेल तिकडे. आम्ही दर नाताळात क्रिबमध्ये बाळ येशूच्या गोठ्यापुढे नाचणी पेरून हिरवंगार करतो. हात बसलाय माझा.

लग्नात उर्सुलाला शब्द दिला होता, काश्मीरला नेऊन ट्यूलिप दाखवीन. मग ऑफिस, मुलं, माझे गुडघे. राहिलंच. आता काश्मीरच मालाडला, आपल्या ऑर्लेममध्ये आणतो. झकास.

११ जानेवारी, सकाळ
कोंब! पाकिटवाला म्हणतो महिना लागेल. मला चार दिवस पुरले. उर्सुलाला हाताला धरून आणलं. वाकून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, छान आहेत रे. मग पदर तोंडाला लावून आत गेली. बिचारीला भरून आलं.

२ फेब्रुवारी
रोज सकाळी कुंडीत बर्फ. शेजारचा डेन्झिल म्हणतो, फिलिप, हे गवत आहे यार. जळतो साला. ह्याच्याकडे मनीप्लांट जगत नाही. उद्यापासून त्याला गेटच्या आत घ्यायचं नाही.

३ फेब्रुवारी
डेन्झिल चहाला आला होता.

१ मार्च
पानं बारीक. फोटोतली चांगली रुंद दिसतात. मुंबईत जागाच कमी, त्याला ट्यूलिप तरी काय करणार? उर्सुलाला सांगितलं, ईस्टरला लाल फुलं तुझ्या हातात. नुसती हसली.

९ एप्रिल
विश्वासघात! उर्सुला चर्चच्या बायकांबरोबर श्रीनगरला गेली. ट्यूलिप बघायला! म्हणे तुला तीनदा सांगितलं, तू बर्फ फोडत हं हं म्हणालास. घरात कळ्या धरतायत आणि ही परक्यांच्या बागेत! आता फोन आला तर उचलणार नाही.

दुपारी
उचलला. व्हिडिओत तिच्या मागे अख्खा डोंगर लाल-पिवळा. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तुझी कुंडी दाखव म्हणाली. म्हटलं, नेटवर्क नाही.

१३ एप्रिल
कळ्या कसल्या, कणसं निघाली. डेन्झिलने एक तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे माझ्या नाकासमोर धरले. नाचणी. क्रिबच्या मातीत राहिलेली. खाली उकरून पाहिलं, कंद केव्हाच कुजलेत. वाट लागली. डेन्झिल हसला नाही, त्याचं जास्त लागलं.

संध्याकाळी उर्सुलाला फोन करून सगळं सांगितलं. तिला कोंब बघितले त्याच सकाळी कळलं होतं! गावठाणातली पोर, नाचणी ओळखणार नाही? मग बोलली का नाहीस, मी ओरडलोच. म्हणाली, तू एवढा नाचत होतास, सांगायला धीर झाला नाही रे.

जरा वेळाने विचारलं, काश्मीरचं बुकिंग कधी केलंस?

म्हणाली, त्याच दुपारी.