ब्राऊनवरची फळी

मुकुटबन,
दि. २८ जानेवारी २०२५

चि. सुनील यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. याडीचे गुडघे दुखतात, लेकाची वाट बघते. हरभरा बरा आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आपल्या तांड्यातल्या शामच्या हाती देते आहे. तो ट्रक घेऊन तुझ्याकडे पांढरकवड्याला येतोच.

तू गेल्यापासून कंपनीच्या गोल्फ मैदानावर मोठी करमणूक आहे. साहेब लोकांनी पटिंग सुधारायचं मनावर घेतलंय. शेवटचा चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा, एवढंच काम, पण त्यासाठी नागपूरहून मास्तर येतो. तो सांगतो, डोकं हलवू नका, चेंडू गेल्यावरच मान वर करा. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या आपल्या तांड्यातल्या बायकांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

घरी हे लोक मोबाईलवर गवताच्या मैदानांचे व्हिडिओ बघतात. मग इथे येऊन गुडघ्यावर बसतात, एक डोळा मिटतात आणि उतार शोधतात. उतार कुठला? आपल्याकडे गवत टिकत नाही म्हणून भोकाभोवती जळकं ऑइल घातलेल्या वाळूचं ब्राऊन आहे, आणि ते पाण्याने लेव्हल बघून आपण दोघांनीच बसवलं. मी फळी ओढून वाट करते, चेंडू त्या वाटेने जातो. एवढ्या शिकलेल्यांना हे अजून कळलेलं नाही. काल एक साहेब पांढरी पँट घालून त्या ऑइलमध्येच बसला. उठल्यावर कोणी हसलं नाही, मी सोडून.

मोठ्या साहेबांचं तर विचारूच नकोस. घरी गालिच्यावर पेला आडवा ठेवून सराव करतात म्हणे. इथे दोन हातांवरून चुकतात आणि काठीकडे रागाने बघतात.

शाम म्हणाला, नागपूरच्या क्लबने तुला इथल्यासारख्याच, साहेबांना चेंडूची वाट सांगायच्या कामावर येत्या नऊ तारखेला बोलावलंय, पण तू जात नाहीस. "माह्या नजरेचा आता भरोसा नाही," असं म्हणालास म्हणे. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

कपच्या स्पर्धेच्या दिवशी मोठ्या साहेबांचा चेंडू भोकापासून दोन हातांवर होता. त्यांनी मला "ए फळी, इकडे ये" म्हणून हाक मारली. पाहुणे हसले. तूही हसलास. साहेबांचं मी मनावर घेत नाही, त्यांची लायकी मला ठाऊक आहे. तुझं हसणं लागलं.

मी मुद्दाम फळी डावी बाजू दाबून ओढली. वाट डावीकडे कलली. काळ्या वाळूत ते कोणालाच दिसलं नसतं. तू म्हणालास, "सीधा मारा साहेब, काही वळत नाही." चेंडू डावीकडून निघून गेला. साहेब सगळ्यांसमोर तुला आंधळा म्हणाले, संध्याकाळी तुला कामावरून काढलं, आणि मी गप्प उभी राहिले. चार महिने गप्प आहे. या लोकांना नावं ठेवते खरी, पण त्यांच्यातल्या कोणी सख्ख्या भावाचं असं केलं नसेल.

आज सकाळी मोठ्या साहेबांना हे सगळं सांगून आले. उद्यापासून मलाही काम नाही. त्याचं वाईट वाटत नाही.

तुझी नजर चुकली नव्हती, भिया. मला उत्तर लिहू नकोस, हवं तर कधीच बोलू नकोस. पण नागपूरला जा.

ताई म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोडून,
पुष्पा