पहिला कप्पा

४ तारीख, सोमवार
नोकरी लागली! बर्फावर स्केटिंग करायच्या हॉलमध्ये दुपारी तीन ते सहा मी सिंथेसायझर वाजवणार. मालकीणबाईंची अट एकच, दोन गाण्यांमध्ये खंड पडता कामा नये. संगीत थांबलं की लोक बावचळून एकमेकांवर आदळतात. म्हटलं, ती काळजी सोडा. आधीच्या वादकाचा लूपर इथेच आहे. पायाने दाबायचा हा डबा गाण्याच्या शेवटच्या आठ मात्रा पकडून फिरवत ठेवतो, त्याच्या आडून मी पुढचं गाणं सुरू करतो आणि मग लूप हळूच विझवतो. सांधा कोणाच्या बापाला कळत नाही. माझ्या सात वर्षांच्या लेकीला, टिकलीला, स्केटिंग फुकट. तिची आई गेल्यापासून पोरगी इतकी खूश दिसली नव्हती.

६ तारीख, बुधवार
बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारे काका भले, पण वल्ली. सगळे गेले की मला लूपरच्या पहिल्या कप्प्यात साठवलेला लूप वाजवायला लावतात. त्यात गाणं नाही, नुसती स्केटची खरखर आणि एका बाईचं हसणं. मी पाठमोरा वायरी गुंडाळत असतो, काका बर्फाच्या मधोमध उभे असतात. त्यांची बायको इथे शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी इथूनच नाहीशी झाली म्हणे. काकांनी बजावलंय, लूप पकडताना हॉलमधला माईक बंद ठेव आणि लूपरची वीज कधी तोडू नको, सगळे कप्पे पुसले जातील. घ्या, आता हे मला वाजवायला शिकवणार! उद्यापासून ते रजेवर आहेत.

८ तारीख, शुक्रवार
टिकली सापडत नाही. भर गर्दीत गाणं संपत आलेलं आणि लूपरचे सगळे कप्पे भरलेले. खंड पडला असता तर पहिल्याच आठवड्यात नारळ. मी पहिला कप्पा पुसला, तिथेच लूप पकडला. घाईत माईक चालूच राहिला. टिकलीचं हसणंही आत आलं. लूप विझवून पाहतो तर ती बर्फावर नाही. दारावरची बाई शपथेवर सांगते, पोरगी बाहेर गेलीच नाही. तिचे बूट माझ्या खुर्चीखाली आहेत.

९ तारीख, शनिवार
पोलीस येऊन गेले. तिचं हसणं ऐकावं म्हणून लूप लावला.
ती आहे! बर्फावर! कठड्यापासून खांबापर्यंत येते, हसते, पुन्हा कठड्यापाशी. धावत जाऊन हात धरला. गार. आठ मात्रा संपल्या, मूठ रिकामी. लूप बंद केला की कोणीच नाही.

१० तारीख, रविवार
घरी गेलो नाही. लूपरचं बटण सैल झालंय, पायाने दाबून धरावं लागतं. पाय काढला की ती जाते. हसणं तेच आहे — पण तिचे डोळे मला शोधतात. देवा, तिला सगळं कळतंय —

११ तारीख, सोमवार
काका आले. पहिला कप्पा लाव म्हणाले. हात जोडून सांगितलं, पुसला —
मारतील वाटलं. टिकलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, माझी सुटली, आता तुझीही सुटू दे.
मेन स्विचच्या पेटीकडे निघालेत. मी ओरडतोय, पाय काढता येत नाही — काका, पाया पडतो —
टिकली कठड्यापाशी. खांबापाशी. हसली.
पेटी उघडली —
कठड्यापाशी. खांबापाशी. हस