वरच्या दोन साच्यांची निरवानिरव

मी, व्लास्तिमिल हुर्निक, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वी साखर कारखान्यात फिटर, आता पेन्शनर, राहणार दोल्नी लेश्निचे, मोराव्हिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या टाइपरायटरवर टाइप करून ठेवतो. अशा कागदावर ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असे लिहायची रीत आहे. पैकी अक्कलहुशारी शाबूत आहे. राजीखुशीचे सांगता येत नाही, कारण येत्या महिन्यात ब्र्नो शहरातले डॉक्टर माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, आणि “काही निरवानिरव राहिली असेल तर करून घ्या हं, आजोबा,” असे त्यांच्यातल्या सर्वांत तरुण डॉक्टरने मला हसत हसत सांगितले. मी त्याचा आजोबा नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कुणी दाखवलेच, तर ते खोटे आहे आणि बहुधा ओतकारने केलेले आहे. ओतकार श्मेर्दा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, ब्लाझेनाचा, नवरा. त्याच्याविषयी पुढे सविस्तर येईल. आधी सोप्या गोष्टी उरकतो.

कलम १. राहते घर, मागची बाग, बागेतले मॉडेल विमानांचे वर्कशॉप आणि बँकेत जे काही असेल ते, माझी एकुलती एक मुलगी रादाना हिला. वर्कशॉपचा सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, करायचा तिचा बेत आहे. माझी हरकत नाही, कारण मी गेल्यावर माझी हरकत कुणी ऐकणार नाही. आताही ऐकत नाही. फरशीवर सांडून दगड झालेले इपॉक्सी रेझिन निघणार नाही, ते खरवडत बसू नये. मी बसलो होतो.

रादानाला कॉम्प्युटरमधले सगळे कळते. “बाबा, एवढं मेण, रेझिन, खोकला कशाला? आता विमानाचा पंखसुद्धा प्रिंटरवर छापून मिळतो,” असे ती मला दर भेटीत सांगते. मी म्हणालो, छाप. तिने छापला, आणला, गाडीत मागच्या काचेपाशी ठेवला आणि जेवायला आत आली. जेवण होईपर्यंत उन्हाने तो केळीच्या सालीसारखा वाकला होता. मी एक शब्दही बोललो नाही. हे तिने माझ्या बाजूने नोंदवून ठेवावे.

कलम २. काचेचे आणि कार्बनचे कापड कापायची माझी मोठी कात्री जावई रोस्तिस्लाव यास. एका नाताळला त्याने त्या कात्रीने कार्प माशाचे पर कापले. “किती छान चालते हो, बाबा!” असेही वर म्हणाला. तेव्हापासून ती कापडाचे धागे नुसती ओढते. बिघडवलेली वस्तू बिघडवणाऱ्याकडे जावी, एवढाच या कलमाचा हेतू आहे. माणूस तसा वाईट नाही.

कलम ३. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून मी केलेला हवा ओढायचा पंप, वजनकाटा, ब्रश आणि रोलर आमच्या मॉडेल विमान क्लबला. पंप आवाज करतो म्हणून त्यात तेल ओतू नये. तो आधीपासूनच आवाज करतो. फळीवर ‘ऍसिटोन, विष’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत घरची प्लमची दारू आहे. ती क्लबातल्यांनी माझ्या अंत्यविधीनंतर प्यावी. शेजारच्या बाटलीवरही तीच चिठ्ठी आहे, आणि तिच्यात खरोखरच ऍसिटोन आहे. आधी हुंगावे.

कलम ४. अंत्यविधीला बँड नको. क्लबच्या अध्यक्षाने, म्हणजे कुदेलाने, भाषण करू नये. राख ग्लायडरमधून उधळायची कल्पना कुणी काढली तर त्याला वाऱ्याची दिशा विचारावी. उत्तर येणार नाही.

कलम ५. आता साचे.

माझ्या वर्कशॉपच्या उत्तरेच्या भिंतीवर दोन लांब साचे टांगलेले आहेत. ते ग्लायडरच्या डाव्या आणि उजव्या पंखाच्या फक्त वरच्या बाजूचे आहेत. ज्यांना यातले काही कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे वकील आणि जावई यांच्यासाठी, थोडक्यात सांगतो. लुन्याक हे कसरती करणारे जुने लाकडी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान. त्याचे अर्ध्या आकाराचे, जमिनीवरून रेडिओने उडवायचे मॉडेल ओतकार आणि मी मिळून करत होतो. एकेक पंख माणसाच्या दुप्पट लांब. असा पंख दोन भागांत घडतो: वरच्या साच्यात त्याची पाठ, खालच्या साच्यात पोट. कारभार सगळा उलटा. घराला रंग शेवटी देतात. इथे आधी पंख चिकटू नये म्हणून साच्याला मेण लावून त्यात रंग फवारायचा, मग काचेचे कापड आणि रेझिन, मग फोमचा पातळ थर, पुन्हा कापड, आणि वरून प्लास्टिक अंथरून पंपाने हवा ओढून घ्यायची. दोन्ही भाग तयार झाले की आतला कणा बसवायचा, कडांना रेझिनची जाड रेघ ओढायची आणि वरचा साचा उचलून खालच्यावर पालथा घालायचा. हे एकट्याने होत नाही. साचा जड असतो, रेझिन कुणासाठी थांबत नाही, आणि तो एकाच वेळी दोन्ही टोकांनी सरळ उतरवावा लागतो.

एकदा बंद झाला की आत काय झाले ते देवालाही दिसत नाही. म्हणून रेझिन लावण्याआधी कोरडेच बंद करून पाहतात. कण्यावर मुलांच्या खेळायच्या मातीच्या गोळ्या ठेवायच्या, साचे बंद करून पुन्हा उघडायचे, आणि गोळ्या किती चेपल्या त्यावरून फट ओळखायची. गोळ्या नेहमी ओतकार ठेवी. चेपलेली गोळी दोन बोटांत धरून म्हणे, “इथं रेझिन जरा जास्त भर,” आणि तिथे जास्तच भरावे लागे. सुरकुती न पाडता त्याच्याइतके कापड घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हे स्तुती म्हणून लिहीत नाही, मिळकतीचे वर्णन म्हणून लिहितो.

भांडण झाले ते बवेरियाच्या एका गिऱ्हाइकावरून. त्याला पंख नको होते, साचेच विकत हवे होते. नाताळची संध्याकाळ, बहिणीचे स्वयंपाकघर, ताटात तळलेला कार्प, आणि ओतकारने विषय काढला.

“व्लास्ता, माझे गुडघे गेले रे. अजून किती वर्षं साच्यावर ओणवं व्हायचं? विकून टाकू.”

“गुडघे विकून टाक मग. साचे कशाला विकतोस?”

“निम्मे माझे आहेत.”

“मग ने तुझे निम्मे!”

बहिणीने बटाट्याच्या सॅलडचे भांडे टेबलावर आपटले. “न्या रे बाबांनो! निम्मं याचं, निम्मं त्याचं, आणि दोघंही माझ्या स्वयंपाकघरातून चालते व्हा!”

शहाण्या माणसाने अशा वेळी गप्प बसून मासा खावा. ओतकारने दुसऱ्या दिवशी गाडीला ट्रेलर जोडून आणला आणि खालचे दोन्ही साचे भरून नेले. डावे त्याचे, उजवे माझे, अशी वाटणी केली असती तर प्रत्येकाकडे एकेक पंख पुरा घडला असता आणि दोघांचे मिळून एक ग्लायडर तरी उडाले असते. तेवढे दोघांपैकी एकालाही सुचले नाही. मी तर साचे बांधायला दोर दिला.

ज्या लाकडी नमुन्यावरून हे साचे काढले होते, तो साच्यातून सोडवतानाच फुटला होता. म्हणजे नवे करण्याची सोय नाही. मी एका जुन्या पंखावरून खालचा साचा काढून पाहिला. कडा नखभर चुकल्या. ओतकारने वरचा काढून पाहिला, त्याच्याही चुकल्या. हे मला बहिणीकडून कळले, आणि माझे त्याला तिच्याकडूनच. कारण आम्ही तेव्हापासून बोलत नाही. क्लबच्या मैदानावर तो एका टोकाला उभा असतो, मी दुसऱ्या. रविवारी बहीण मला मलईच्या रश्शातले मांस आणि क्नेडलिकी, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आणून देते, आणि डबा धुऊन देत नाही म्हणून ओरडून जाते.

हिवाळ्यात ती वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडीही आणते. उत्तम असतात. मागच्या हिवाळ्यात सहज विचारले, कशात वाळवतेस?

“अरे दादा, ओताच्या त्या लांब साच्यांत,” ती म्हणाली. “इतकं गुळगुळीत ताट मला कुठं मिळणार? एक फोड चिकटत नाही बघ.”

चिकटेल कशी? त्यांना पॉलिश करण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेलेला आहे.

कलम ६. सबब, वरचे दोन्ही साचे, बोल्ट व जोडखुंट्यांसह, मी ओतकार श्मेर्दा यास देतो. तो लायक आहे म्हणून नव्हे. या साच्यांना बसणारी दुसरी बाजू उभ्या जगात फक्त त्याच्याकडे आहे म्हणून. अटी: साचे विकू नयेत. त्यांत कोणतेही फळ, भाजी अथवा अळंबी वाळवू नये. कापड ओतकारनेच घालावे, रंग मात्र दुसऱ्या कुणाकडून फवारून घ्यावा, कारण त्याला निळा आणि हिरवा यातला फरक कळत नाही.

मला त्याचा राग येतो. वर्कशॉपमध्ये एकट्याने बसलो की अधिक येतो. इतकी वर्षे मी त्या साच्यांवर धूळ बसू दिली नाही, आणि ज्याच्यासाठी पुसत होतो तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहून सफरचंदे वाळवतो आहे, यासारखा वैताग नाही. ऑपरेशनमधून मी उठलो नाही तर हे साचे सॉनाच्या भिंतीला फळ्या म्हणून लागतील, आणि त्याच्याकडचे चुलीत जातील. त्या दोन बाजू एकमेकींवर पुन्हा कधीच बसणार नाहीत, याची मला भीती वाटते. झडपेची तेवढी वाटत नाही.

कलम ७. टाइप केलेल्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ते एकाच वेळी हजर असावे लागतात. शेजारीण यार्मिला वाव्रोव्हा वेळेवर आल्या, कॉफी घेऊन बसल्या आहेत. दुसरा साक्षीदार कुदेला. काल पाऊस पडून गेला म्हणून तो जंगलात अळंब्या आणायला गेला आहे. या देशात अळंब्या उगवल्या की कायदा थांबतो. मी बहिणीला फोन करून सांगितले, कुणालाही धरून आण. ती ओतकारला धरून घेऊन आली.

पुढचे घडले तसे टाइप करतो. वाव्रोव्हाबाईंचे म्हणणे की कागदावर असलेले बरे.

ओतकार बसला नाही. चष्मा कपाळावर ढकलून त्याने उभ्यानेच सगळा कागद वाचला, आणि सहाव्या कलमावर थांबला.

“निळा-हिरवा कळत नाही? मला?”

“नाहीच कळत. त्या पोलंडच्या गिऱ्हाइकाचा पंख आठव.”

“त्यानं तसाच मागितला होता!”

“ओता, पुढचं वाच,” बहीण म्हणाली.

त्याने पुढचे वाचले. मग कागद टेबलावर आपटला.

“म्हणजे जिवंत आहेस तोवर भिंतीला टांगून ठेवणार, आणि मेल्यावर मला देणार? आणि वरचा साचा उचलायला दुसरे दोन हात कुठून आणू मी? तुझ्या थडग्यातून?”

“खालचे तूच नेलेस.”

“तू ‘ने’ म्हणालास म्हणून नेले! रस्त्यावर वळेपर्यंत आरशात बघत होतो, हाक मारशील म्हणून. हाक मारायला काय झालं होतं रे तुला?”

मलाही वाटले होते की तो वळून येईल.

“भांडा हो खुशाल,” वाव्रोव्हाबाई म्हणाल्या, “पण माझ्याकडे दुपारी पाहुणे आहेत. सही कुठं करायची?”

“तुम्ही करा,” मी म्हणालो. “याला करता येणार नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. याचं कलमच बाद होईल.”

“मला माहीत आहे,” ओतकार म्हणाला, आणि माझ्या खिशातले पेन काढून घेतले.

“दादा, तू गप्प बस आणि तुझी सही कर,” बहीण म्हणाली.

करतो आहे. हे मृत्युपत्र मी समजून उमजून, वैतागाने, पण कुणाच्याही दडपणाविना केले आहे. बहिणीचे दडपण आहे, ते धरू नये.

ठिकाण: दोल्नी लेश्निचे
दिनांक: २१ सप्टेंबर २०१९, शनिवार

मृत्युपत्र करणार:
(सही) व्लास्तिमिल हुर्निक

आम्हा दोघांच्या समक्ष वरील सही झाली:

साक्षीदार १:
(सही) यार्मिला वाव्रोव्हा, शेजारीण

साक्षीदार २:
(सही) ओतकार श्मेर्दा, मेहुणा

सहीखाली, साक्षीदार क्रमांक २ च्या हस्ताक्षरात:
माझ्या सहीने सहावं कलम बाद होतं हे समजून सही केली आहे. मेलेल्या माणसाकडून मी साचे घेणार नाही. खालचे दोन्ही उद्या सकाळी ट्रेलरवर घालून आणतो. त्यांना मेण मी घरूनच लावून आणीन, तू वरच्यांना आजच लावून ठेव. तू दवाखान्यात जायच्या आधी पंख साच्यातून निघाला पाहिजे.