दत्तूनं आणलेलं लोणचं

दोहा, गुरुवार, १० मार्च १९८३

नीलू, आजी सांगते तसंच लिही, हसू नकोस. माझी रक्तदाबाची गोळी इथल्या सरकारी दवाखान्यात मिळत नाही आणि बाहेर घ्यावी तर भाव सोन्याचा. म्हणून गावाकडच्या माझ्या लेकीनं रजेवरून इकडे परतणाऱ्या शेजारच्या दत्तूकडे माझ्या सहा महिन्यांच्या गोळ्या आणि तुम्हा सगळ्यांसाठी लोणचं दिलं. विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं, तर या शहाण्यानं गोळ्या काढल्या आणि लोणचं ठेवलं. लोणचं!

"काकू, मला वाटलं इथं औषधं फुकट मिळतात."

अरे, मला मीठ बंद आहे. लोणच्याचं काय करू?

तुझ्या बाबानं चपला घातल्या आणि गोळ्या विकत आणल्या. कशातून? मी गावी जायच्या तिकिटाला ठेवलेल्या पैशांतून. आता रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर तिकीटच गिळायचं.